कोणती नोटीस?

‘एआयआर १९७३ एससी १४६१’. कोर्टाशी संबंध नसलेल्या माणसाला हा एखाद्या पार्सलचा ट्रॅकिंग नंबर वाटेल. वकिलाला मात्र एवढं पुरतं. एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, १९७३ सालचा खंड, सुप्रीम कोर्टाचा विभाग, पान १४६१. तिथे केशवानंद भारती खटल्याचा निकाल सुरू होतो. राज्यघटनेचा मूलभूत ढाचा संसदेलाही मोडता येत नाही, असं सांगणारा. वकील गुवाहाटीचा असो की कोचीचा, ते पान उघडलं की दोघांसमोर एकच मजकूर असतो.

हा पत्ता नागपूरचा आहे. ऑल इंडिया रिपोर्टर ही चितळ्यांनी उभी केलेली संस्था, काँग्रेस नगरातली. तिच्या खंडांत १९१४ पासूनचे निकाल सापडतात. संत्री, झिरो माइल, तर्री पोहे आणि मे महिन्यातलं ऊन यांवर आम्ही नागपूरकर तासभर बोलू शकतो, पण देशभरातले वकील निकाल शोधायला ज्या पत्त्याचा आधार घेतात तो आपल्या गावात छापला जातो, हे सहसा कुणी सांगत नाही. मला मामानं सांगितलं. तेही माझी जिरवायला.

मी त्याला त्याच्या ऑफिसात आलेल्या नव्या एआय सहाय्यकात फाइलचा संदर्भ कसा द्यायचा ते शिकवत होते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्याच्या एका कंपनीचं काम नागपुरात बसून करते, त्यामुळे नात्यातल्या प्रत्येक प्रिंटरची जबाबदारी माझ्यावर असते. मामा गेली तीस वर्षं वकिली करतोय, जिल्हा न्यायालयात आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढे. धरमपेठेत घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस, दोन ज्युनिअर, आणि मुन्शीजी. मुन्शीजींचं वय कुणी विचारत नाही.

मी सांगितलं, प्रश्न टाइप करताना @ दाबायचं. फोल्डरमधल्या फाइल्सची यादी येते, हवी ती निवडायची. मग सहाय्यक तीच फाइल वाचून उत्तर देतो. आणि एखादं काम ठरावीक पायऱ्यांनी पुन्हा पुन्हा करायचं असेल, तर त्या पायऱ्या एकदा लिहून ठेवायच्या, त्याला वर्कफ्लो म्हणतात. पुढच्या वेळी / दाबून त्याचं नाव निवडायचं, बस.

मामा म्हणाला, “म्हणजे सायटेशन. हे तर आपल्या काँग्रेस नगरात शंभर वर्षं चालू आहे. तुम्ही लोकांनी नवीन काय केलं?”

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण चहा आला.

कोर्टाच्या कागदांना पत्ते द्यायची सवय आपल्याकडे मुरलेली आहे. दिवाणी दाव्यात दाखल झालेल्या कागदावर निशाणी पडते, म्हणजे क्रमांक. आपल्या दिवाणी न्यायालयांत ‘निशाणी ५’ म्हटलं की बहुधा तात्पुरत्या मनाईचा अर्ज, हे इतकं रूढ आहे की वकील अर्जाचं नावच घेत नाहीत. “फाइव्हवर ऑर्डर झाली का?” एवढंच विचारतात. ई-कोर्ट्स प्रणालीत प्रत्येक केसला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो: राज्य, जिल्हा, न्यायालय, नोंदणी क्रमांक, वर्ष. २०२३ पासून सुप्रीम कोर्टानं निकालांना स्वतःचे तटस्थ क्रमांक द्यायला सुरुवात केली. मुंबई हायकोर्टाच्या अशा क्रमांकात वर्षानंतर ‘बीएचसी’ येतं आणि निकाल आमच्या खंडपीठाचा असेल तर पुढे ‘एनएजी’. नागपूर पुन्हा एकदा पत्त्यात.

गोम अशी, की निशाणी ५ प्रत्येक दाव्यात असते. कोणत्या दाव्यातली, हे बोलणाऱ्या दोघांना माहीत असतं म्हणून काम भागतं. यंत्राला ते माहीत नसतं. आणि माहीत नाही हे ते सांगतही नाही.

हे मला कळलं ते एका जमिनीच्या अपिलात.

वैनगंगेकाठच्या गावातली जमीन, धरणासाठी गेलेली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली निवाडा झाला, मोबदला ठरला, शेतकऱ्याला तो कमी वाटला. अशा वेळी कलम १८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, की माझं प्रकरण न्यायालयाकडे संदर्भासाठी पाठवा. बारमध्ये या केसेसना सरळ ‘रेफरन्स’ म्हणतात. (फाइल रेफरन्सचा पाठ घेताना रेफरन्सचीच केस निघावी, हा योगायोग मामाला फार आवडला. दिवसभर त्यावर कोट्या झाल्या, त्या इथे देत नाही.) त्या अर्जाला मुदत असते. निवाड्याच्या वेळी शेतकरी हजर असेल तर निवाड्यापासून सहा आठवडे. हजर नसेल तर कलम १२(२) ची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतलं जे आधी संपेल ते. हा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा आला, पण जुन्या निवाड्यांची अपिलं जुन्या कलमांवर चालूच आहेत.

आमच्या केसमध्ये खालच्या कोर्टानं मोबदला वाढवला होता. सरकारपक्ष अपिलात आला आणि एक मुद्दा घेतला: मुळात अर्जच मुदतबाह्य होता, म्हणून वाढीव मोबदला रद्द करा. शेतकरी वारला. मुलगा भंडारा रोडवर टेम्पो चालवतो. गाव पाण्याखाली आहे, त्यामुळे ‘गावी जाऊन बघून या’ ही सोय उरलेली नाही. जे आहे ते कागदावर.

अर्ज २४ एप्रिल १९९८ चा. यावर वाद नाही, शिक्का स्वच्छ आहे. प्रश्न एवढाच की नोटीस शेतकऱ्याच्या हातात कधी पडली.

मामानं पहिल्या दिवशी सहाय्यकाला सरळ विचारलं: या प्रकरणातली नोटीस कधीची आणि अर्ज मुदतीत आहे का? फोल्डरमध्ये साठेक पीडीएफ होत्या. उत्तर सात सेकंदांत आलं, मुद्देसूद, आत्मविश्वासानं ओथंबलेलं: नोटीस २ मार्च १९९८ ची, सहा आठवडे १३ एप्रिलला संपतात, अर्ज अकरा दिवस उशिरा. सरकारपक्षाचं म्हणणं बरोबर दिसतं.

मामा काही बोलला नाही. मुन्शीजी मागे उभे होते. त्यांनी विचारलं, “कोणती नोटीस, ताई? या गठ्ठ्यात तर तीन नोटिसा आहेत.”

होत्याच. कलम ४ ची, कलम ९ ची आणि कलम १२(२) ची. यंत्रानं तिसरी बरोबर उचलली होती, पण तारीख घेतली ती नोटिशीच्या वरच्या कोपऱ्यातली, सरकारी टंकलेखन यंत्रावर उमटलेली. कायद्याला हवी आहे मिळाल्याची तारीख. ती दुसऱ्या कागदावर आहे, पोचेवर: अंगठा, बाजूला कुणीतरी पेनानं टाकलेली तारीख, आणि फाटलेला कोपरा.

पोच सोडून नोटीसच का उचलली, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण यात कटकारस्थान काही नाही. तुम्ही फाइलचं नाव घेत नाही तेव्हा अशी बरीच साधनं सगळा फोल्डर वाचत नाहीत, त्यात शोधतात. आधीच प्रत्येक कागदाचे तुकडे पाडून ठेवलेले असतात, प्रत्येक तुकड्याच्या मजकुराचं आकड्यांच्या लांबलचक रांगेत रूपांतर केलेलं असतं. तुमच्या प्रश्नाचंही तसंच करायचं आणि त्याला जे तुकडे सगळ्यांत जवळचे पडतील, ते मॉडेलपुढे ठेवायचे. मॉडेल तेवढ्यावरून लिहितं. टाइप केलेल्या नोटिशीत ‘नोटीस’, ‘कलम १२(२)’, ‘दिनांक’ हे सगळे शब्द ठळक असतात, ती पहिल्या फटक्यात वर येते. पोचेच्या स्कॅनमधून मात्र मशीनला मजकूर मिळतो तो चार तुटकी अक्षरं आणि एक डाग. अंगठ्याला तर काहीच अक्षरं नसतात. त्यामुळे ती पोच शोधात कुठेच येत नाही. भूसंपादन कार्यालयाचे कागद टाइप केलेले, शेतकऱ्याचे कागद हातानं लिहिलेले किंवा अंगठ्याचे. शोधात कुणाची बाजू आधी ऐकू येते, हे इथंच ठरून जातं.

@ चा उपयोग इथे आहे. पोचेची फाइल नाव घेऊन पुढे केली की तिला शोधाची शर्यत जिंकावी लागत नाही. तिला वाचावंच लागतं. दुसऱ्यांदा मी प्रश्न असा लिहून दिला: @ लावून १२(२) ची नोटीस, @ लावून तिची पोच, @ लावून कलम १८ चा अर्ज. या तीनच फाइल्स वाच. नोटीस दिल्याची तारीख आणि मिळाल्याची तारीख वेगळी लिही. प्रत्येक तारखेपुढे फाइलचं नाव आणि पान दे. जी तारीख नीट वाचता येत नाही तिच्यापुढे ‘अस्पष्ट’ लिही, अंदाज करू नकोस.

शेवटचं वाक्य मी उगाच घातलं नव्हतं. भाषेची ही मॉडेल्स रिकामी जागा सोडायला नाखूश असतात.

आता उत्तर आलं: मिळाल्याची तारीख ११ मार्च १९९८, ‘अस्पष्ट’. ११ मार्चपासून सहा आठवडे म्हणजे २२ एप्रिल. अर्ज दोन दिवस उशिरा.

अकरावरून दोनवर आलो, पण दोन दिवसांनीही केस तेवढीच जाते. मुदतीचा हा नियम कडक आहे, उशीर माफ करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना नाही. आम्ही स्कॅन मोठा करून पाहिला. पहिला अंक १, नक्की. दुसरा १ किंवा ९. हातानं घाईत लिहिलेल्या देवनागरीत या दोघांत फरक काय तो एका वळणाचा, आणि नेमका तिथे कागद घडी पडून विरलेला. १९ असेल तर मुदत ३० एप्रिलपर्यंत जाते आणि अर्ज सहा दिवस आधीचा ठरतो. एका वळणावर एका माणसाचं सगळं.

जरा थांबून बाहेरच्या जगाचं सांगते, कारण तोवर मामाचा ज्युनिअर दुसऱ्याच कामाला लागला होता. त्यानं सहाय्यकाला ‘मुदतीच्या मुद्द्यावर शेतकऱ्याच्या बाजूचे दहा निकाल दे’ असं सांगितलं होतं आणि दहाच्या दहा मिळालेही होते. मामानं ती यादी न वाचता उलटी ठेवली. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली माटा विरुद्ध एव्हिआंका प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, कधी अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला, ही गोष्ट बहुतेकांनी वाचलेली असते. आपल्याकडचं कमी वाचलं जातं. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळुरू पीठाला डिसेंबर २०२४ मधला स्वतःचा आदेश मागे घ्यावा लागला. त्यात उल्लेखलेले निकाल सापडेनात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं एक कर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्यानं ज्या निकालांचा आधार घेतला होता ते नव्हतेच. म्हणजे खोटा पत्ता लिहिणारा वकीलच असतो असं नाही, खुर्चीतला माणूसही असतो.

या सगळ्यांत पत्ते दिसायला अगदी खरे होते. नाव, साल, कोर्ट. मॉडेलला पत्त्याचा आकार पाठ असतो. पत्त्यावर घर आहे का, हे बघायला कुणीतरी जावं लागतं.

मामाकडे या मुद्द्यावर त्याचा स्वतःचा एक निकाल आहे आणि तो तोंडपाठ आहे: एआयआर १९६१ एससी १५००, राजा हरिशचंद्र राज सिंग. निकाल न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचा. त्यात त्यांनी याच कलम १८ बद्दल सांगितलं, की ‘निवाड्याची तारीख’ म्हणजे अधिकाऱ्यानं आपल्या टेबलावर सही केली ती तारीख नव्हे. ज्याच्यावर परिणाम होणार त्याला निवाडा कळला किंवा कळायला हवा होता, ती तारीख. माणसाला कळल्याशिवाय त्याची घड्याळं सुरू करायची नाहीत. मामानं खंड काढला, पान उघडलं, त्याची पीडीएफ केली आणि मला म्हणाला, “आता हिला लाव तुझं ते @.”

त्या रात्री मी वर्कफ्लो लिहिला. नाव ‘घटनाक्रम’. मुन्शीजींना शेजारी बसवून घेतलं, कारण घटनाक्रम काढायची त्यांची पद्धत माझ्या कुठल्याही कल्पनेपेक्षा जुनी आहे. ते कागदाची तारीख आणि कागद पोचल्याची तारीख कधीच एका रकान्यात लिहीत नाहीत. मूळ प्रत आहे की झेरॉक्स, हे आधी लिहितात. दोन कागदांत तारीख जुळली नाही तर दोन्ही लिहितात आणि समोर लाल पेन्सिलीनं फुली. मी तेच पायऱ्यांमध्ये उतरवलं आणि एक नियम माझा घातला: @ लावलेल्या फाइल्सबाहेरचा एकही निकाल, एकही तारीख आणायची नाही.

सरकारी ऑफिसांत सहा गठ्ठे पद्धत असते ना, निर्णयासाठीचे कागद वेगळे, उत्तराची वाट पाहणारे वेगळे, नियतकालिकं वेगळी, असं करत शेवटी नष्ट करायचे वेगळे, तसंच हे. फक्त त्या पद्धतीचं पोस्टर भिंतीवर असतं आणि खाली गठ्ठे एकच असतो. वर्कफ्लोचीही तीच गत होऊ शकते. स्लॅश दाबला म्हणजे पद्धत पाळली गेली, असं वाटू लागतं.

एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ‘सुपेस’ नावाचं एआय पोर्टल आणलं, तेव्हा सरन्यायाधीश होते शरद बोबडे, आमच्या नागपूरचेच. यंत्र तथ्यं आणि कायदा गोळा करून न्यायाधीशापुढे ठेवेल, निर्णय करणार नाही, ही भूमिका त्यांनी तेव्हाच स्पष्ट केली होती. केरळ हायकोर्टानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं, त्याचाही सूर तोच: मंजूर साधनंच वापरा, निष्कर्षासाठी वापरू नका. मला हे दोन्ही पटतं, पण त्या पोचेकडे बघताना वाटलं, ‘गोळा करणं’ हा शब्द फार निरागस आहे. काय गोळा झालं आणि काय गठ्ठ्यात राहिलं, यातच अर्धा निर्णय होऊन जातो.

कारण पुढची गोष्ट कुठल्याच फाइलमध्ये नव्हती.

दोन दिवसांनी मुन्शीजींनी खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. लाल कापड, सुतळी, वर धूळ. त्यातला निम्माच स्कॅन झालेला होता; स्कॅन करणाऱ्या मुलानं जे ठळक दिसत होतं ते केलं आणि विरलेले, चिकटलेले कागद सोडून दिले. अशा कागदाला @ लावता येत नाही. यादीत त्याचं नावच येत नाही, त्यामुळे तो नाही हेही कळत नाही. मुन्शीजींनी एक फुलस्केपचा तुकडा काढला. नोटीस तामील केल्याचा गावपातळीवरचा अहवाल, मराठीत, निळ्या शाईत, पाच ओळी. त्यात आकड्यांत तारीख होती, तीही पुसट. पण लिहिणाऱ्यानं वार लिहिला होता. गुरुवार. खातेदार बाजाराच्या दिवशी घरी भेटला, त्यास वाचून दाखवून प्रत दिली.

मी मोबाइलमध्ये १९९८ चं कॅलेंडर उघडलं. ११ मार्च बुधवार. १९ मार्च गुरुवार.

खोलीत काही जल्लोष वगैरे झाला नाही. मामानं कागद उजेडाला धरला, पुन्हा खाली ठेवला आणि ज्युनिअरला विचारलं, “हा खाली निशाणी होऊन दाखल झालेला आहे की नुसता गठ्ठ्यात आहे?” दाखल होता. कोपऱ्यात क्रमांक होता. मग मामा पहिल्यांदा हसला.

मी तो स्कॅन केला, फोल्डरमध्ये टाकला, चारही फाइल्सना @ लावून ‘घटनाक्रम’ चालवला. सहाय्यकानं नीट काम केलं. मिळाल्याची तारीख: पोचेनुसार ११ किंवा १९ मार्च, अस्पष्ट; तामील अहवालात वार गुरुवार; १९ मार्च १९९८ हा गुरुवार; दोन्ही कागद एकत्र वाचल्यास १९ मार्च संभवनीय; मूळ प्रत तपासावी. मुन्शीजींनी वाचून मान हलवली. ‘तपासावी’ हा शब्द त्यांना आवडला असावा.

अपिलाची सुनावणी अजून व्हायची आहे. सरकारपक्ष वार चुकीचा लिहिला असेल असं म्हणू शकतो, आणि मामाच्या मते म्हणेलच. टेम्पोवाल्या मुलाला मामानं फोनवर एवढंच सांगितलं की वडिलांचा एक कागद सापडलाय. तो म्हणाला, “कोन्ता?”

सध्या आमच्याकडे वाद चालू आहे फाइलच्या नावावरून. माझी पद्धत अशी: साल, महिना, दिवस, कागदाचा प्रकार, निशाणी क्रमांक, म्हणजे यादीत सगळं ओळीनं लागतं. मुन्शीजींचं म्हणणं, तारीख पुसट आहे तर नावात तारीख घालायचीच नाही, कोर्टात ती सिद्ध व्हायचीय. त्यांनी स्कॅनर शेजारी बसून स्वतः एका बोटानं टाइप केलं: ‘तामील अहवाल गुरुवार’. मी बदललेलं नाही. उरलेला गठ्ठा ते रोज दुपारी थोडा थोडा सोडवतायत, चिकटलेली पानं पट्टीनं उकलून, आणि प्रत्येक पानाला नाव देण्याआधी मला हाक मारतात.